सहाशे चाळीस, चौदाशे वीस आणि आमचं घर

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता, डोंबिवली पूर्वेच्या आमच्या घरात चहाच्या टेबलावर एक लाख रुपये ठेवलेले होते. हजर माणसं अशी: माझे यजमान विनायक, मुलगी केतकी, टेंभी नाक्याजवळ राहणारी नणंद शोभाताई, तिचे यजमान दिलीपराव, आणि आमचं घर विकत घेणारे बाळाशेठ. मीही हजर होते, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे बघत होते टेबलावरच्या दुसऱ्या वस्तूकडे, म्हणजे माझ्या रक्ताच्या रिपोर्टकडे. त्यावर आकडा होता १४२०.

तीन महिन्यांपूर्वी तो ६४० होता. एवढ्या दोन आकड्यांच्या जोरावर आमचं सव्वीस वर्षांचं घर विकायला निघालं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बायकोचं हृदय दुपटीहून जास्त बिघडलेलं. कल्याणला मोहने गावाच्या बाजूला लिफ्टची इमारत बघून ठेवली होती. मला कुणी विचारलं नाही असं म्हणणार नाही. विचारलं होतं, फक्त मी उत्तर देईपर्यंत कुणी थांबलं नव्हतं.

हा आजार ज्यांच्या घरात आलाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथल्या एका पतपेढीत हिशेब बघते. आकड्यांना मी घाबरत नाही. आकडा भलत्याच नावापुढे लिहिला जाण्याला घाबरते.

आधी ती ॲसिडिटी होती

सुरुवात जिन्यात झाली. आधी दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले, मग पहिल्यावरच. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा, म्हणून मी चपला बदलल्या. पाय तपासायचे असतात हे सुचलं नाही. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन.

निदान करायला आमच्याकडे माणसांची कमतरता नाही. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, या वयात होतं, आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. शोभाताई म्हणाली, "मलापण होतं गं असं. ओवा खा, गरम पाणी पी." पतपेढीतल्या मैत्रिणीने वजन कमी करायला सांगितलं. विनायक म्हणाले, "तू हळू चढत जा ना, कुठे गाडी पकडायचीय तुला?" पुरुषाला धाप लागली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं असतं. मला चार महिने ओवा मिळाला.

शेवटी एका दुपारी काउंटरवर एका सभासदाला मुदतठेवीचा दर सांगताना माझं वाक्य पुरं होईना. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, राहू द्या, मी उद्या येतो." केतकीला फोन गेला, तिने येऊन मला तिथूनच गाडीत घातलं आणि ठाण्याला एका हॉस्पिटलात नेलं. विनायक मागून आले.

"पण ही तर बसलीये"

डॉक्टर बाई होत्या, केतकीहून फार मोठ्या नसतील. त्यांनी काही विचारायच्या आधी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. आम्ही तिघंही त्या खळग्याकडे बघत बसलो.

"हे कधीपासून?"

"चपला बदलल्या तेव्हापासून," मी म्हटलं.

मग ईसीजी, सोनोग्राफीसारखी हृदयाची इको तपासणी, आणि रक्त. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, हार्ट फेल्युअर आहे.

आपल्याकडे "त्याचं हार्ट फेल झालं" असं फक्त गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात. विनायक उभे होते ते खुर्चीचा हात धरून म्हणाले, "पण ही तर बसलीये."

"बसलेल्याच आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "हृदय बंद पडलेलं नाही हो. रक्त पुढे ढकलायला त्याची ताकद कमी पडतेय, म्हणून पाणी साचतंय. पायात, फुप्फुसात. बीपी बरीच वर्षं असणार." मग रिपोर्ट पुढे केला. "रक्तात आम्ही एक पदार्थ मोजतो. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हृदय तो सोडतं. शंभरच्या आत असावा. यांचा सहाशे चाळीस आहे."

एवढं ऐकून मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, आधी राग आला. ओव्याचा.

वॉर्ड

आठवडाभर राहिले. दिवस सुरू व्हायचा वजनाने, चहाच्याही आधी. मग पाणी काढून टाकणारं इंजेक्शन, मग बाथरूमच्या फेऱ्या, आणि प्रत्येक वेळी भांड्यात मोजून सांगायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमा-खर्चाचा ताळमेळ घातला, इथे माझाच घालत होते: प्यायलेलं पाणी इतकं, गेलेलं इतकं. पिण्याचं पाणी दिवसाला दीड लिटर, त्यात चहा आणि आमटीही धरायची. चहा हे पाणी आहे हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

शेजारच्या खाटेवर विठ्ठलवाडीच्या एक काकू होत्या, त्यांचाही हाच आजार. त्या जेवणाचं ताट आलं की झाकण उघडून नुसत्या बघत राहायच्या. एकदा डाएटवाल्या बाईंना म्हणाल्या, "मीठ नको, लोणचं नको, पापड नको. मग जगायचं कशाला तेपण एका कागदावर लिहून द्या." बाई हसल्या नाहीत. आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर धावत आली आणि ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यात आमची बोटं घालून बघून गेली.

एका सकाळी जागी झाले तेव्हा दोन उशा खाली पडलेल्या होत्या. मी एकाच उशीवर, जवळजवळ सपाट झोपले होते, आणि वर छताचा पंखा सरळ दिसत होता. कित्येक महिन्यांत तो असा दिसला नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही, आणि डोळे भरून आले होते.

घरी

घरी आल्यावर माझ्यापेक्षा विनायकांचं बिघडलं. जिना चढताना ते माझ्या मागे एक पायरी सोडून, दोन्ही हात थोडे पुढे धरून चालायचे. मी पडले तर झेलायला. मी सत्तर किलोच्या वर, ते साठ. "झेललंत तर दोघंही पहिल्या मजल्यावर जाऊ," असं म्हटलं तरी हात खाली घ्यायचे नाहीत. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले की माझ्या छातीकडे बघून श्वास मोजायचे. माझ्यासाठी बिनमिठाची आमटी चाखून "छान झालीये" म्हणायचे आणि नंतर स्वयंपाकघरातून पापड मोडल्याचा आवाज यायचा.

भीतीबद्दल मात्र एक शब्द बोलायचे नाहीत. मीही नाही. मुलगी एकदा म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी फक्त सोडियमवर बोलता."

गोळ्या लागू पडत होत्या. रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे, वजन जागचं हलत नव्हतं. पट्टा रुतत नव्हता. हळूहळू पहिल्या मजल्यावरचा थांबा सुटला, मग फक्त दुसऱ्यावर एकदा उभी राहायचे.

तीन महिन्यांनी रक्ताची तीच तपासणी पुन्हा करून भेटायला सांगितलं होतं. "त्यासाठी शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ठाण्याला कशाला मरायचं?" म्हणून विनायकांनी इथल्याच एका लॅबला फोन केला आणि "ती हार्ट फेल्युअरची टेस्ट" सांगितली. डॉक्टरांची चिठ्ठी फाइलमध्येच राहिली. लॅबने जी हार्ट फेल्युअरची टेस्ट त्यांच्याकडे होते ती नोंदवली आणि सवलत म्हणून थायरॉइड, साखर, जीवनसत्त्वं असं पॅकेज जोडलं. त्या पॅकेजपायी मला बारा तास उपाशी ठेवलं. हृदयाच्या या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही हे मला नंतर कळलं, आणि त्या न मिळालेल्या चहाचा राग अजून गेलेला नाही.

रिपोर्ट आला विनायकांच्या मोबाइलवर. त्यांनी तो मला दाखवायच्या आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, "कुणाला यातलं कळतं का" असं लिहून. यातलं कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी उत्तरं दिली. कुणी बीटाच्या रसाची कृती, कुणी हात जोडलेली चित्रं. पुण्याच्या चुलतदिरांचा फोन आला, "वहिनी, काय बोलू?" सांत्वनाला गेल्यावर जो आवाज काढतात तो त्यांनी माझ्यासाठी माझ्याशीच बोलताना काढला.

"पण मला बरं वाटतंय," मी म्हटलं.

"तुला काय वाटतं ते वेगळं," विनायक म्हणाले. "रिपोर्ट तो रिपोर्ट."

डॉक्टर बाहेरगावी होत्या, पंधरवड्यानंतरची वेळ मिळाली. त्यांच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "त्रास होतोय का? होत असेल तर लगेच इमर्जन्सीत या." त्रास होत नव्हता. आकडा होत होता.

मी घाबरले नव्हते असं भासवणार नाही. गोळ्या घेऊन, मीठ सोडून, पाणी मोजून जर आकडा दुपटीवर जात असेल तर पुढचा हिशेब मला करता येत होता. एका दुपारी केतकीला मी गॅसचं पुस्तक कुठे आहे, सोन्याच्या पावत्या कुठे आहेत ते सहज म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आई, गप्प बस," आणि उठून गेली.

त्याच आठवड्यात दिलीपरावांनी बाळाशेठना आणलं.

चार नावं

बाळाशेठ इथल्या जुन्या गावातले. आमच्या इमारतीची जागा एके काळी त्यांच्याच भाऊबंदांची भातशेती. बोलणं मोठं, वागणं सरळ. त्या रविवारी ते तिन्ही मजले चढून आले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "वयनी, तुमी टेन्शन घेऊ नका. घर माज्या पोरासाठी घेतो. त्याला जिना चढायला काय नाय, तो जिममदी पैसे देऊन चढतो."

घर आम्हा दोघांच्या नावावर. त्या एक लाखाच्या टोकनची पावती दिलीपराव सुवाच्य अक्षरात लिहीत होते. विनायकांची सही झाली होती, माझी व्हायची होती. तेवढ्यात बाळाशेठनी कागद ओढून बघितला.

"नाव नीट लिवा, दिलीपशेठ. आमच्या गावात माज्या नावाचे चार हायेत. बापाचं नाव लिवलंत तरी दोन उरतात. आज्याचं पन लिवा, नायतर उद्या हे घर माजा चुलता घेऊन बसंल."

पतपेढीत हे माझं रोजचं काम आहे. या भागात एका नावाचे इतके सभासद की एकाचं व्याज दुसऱ्याच्या खात्यात पडलं नाही असं वर्ष जात नाही. कुणाची शिल्लक अचानक दुप्पट झालेली दिसली की आम्ही त्याचं अभिनंदन करत नाही. आधी पूर्ण नाव बघतो. गेला आठवडाभर मी माझा आकडा शंभरदा बघितला होता. कसला आकडा, ते नाव एकदाही वाचलं नव्हतं.

पेन खाली ठेवलं आणि केतकीला फाइल आणायला सांगितली. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. ठाण्याच्या कागदावर चाचणीचं नाव होतं बीएनपी. डोंबिवलीच्या कागदावर एनटी-प्रोबीएनपी. एकावर मर्यादा शंभर, दुसऱ्यावर सव्वाशे. मर्यादा जवळजवळ सारखी, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती.

"अगं, तेच ते," दिलीपराव म्हणाले. "पुढे दोन अक्षरं जास्त आहेत एवढंच. नवीन मशीन असेल."

"दोन अक्षरं काय कमी नाय," बाळाशेठ म्हणाले. "माज्या आज्याचं नावपन एकच शब्द हाय."

"शेठ, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" शोभाताईने विचारलं.

"मी घराच्या बाजूनं. पन वयनी बोलतात ते ऐकून तरी घ्या."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करणार नाही. आणि मग विनायक आपल्या भीतीबद्दल बोलले, चारचौघांत, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"माझ्या वडिलांना याच जिन्यावरून खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. ते मला म्हणत होते, विनू, लवकर कर. मला तुला तसं न्यायचं नाहीये, सुनीता. तुला वाचायची ती नावं वाच, पण मला हा जिना नको."

सासरे गेले तेव्हा मी केतकीला घेऊन माहेरी होते. खुर्ची अडकली हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस रोज त्या वळणावरून भाजीच्या पिशव्या घेऊन येत होता.

 माझा राग निम्मा गेला, निम्मा राहिला. मी म्हटलं, "मग मला जिना चढता येतो का ते मला विचारा. कागदाला नका विचारू. आणि विचारायचंच असेल तर ज्यांना तो वाचता येतो त्यांना विचारा."

बाळाशेठ उठले. "पैसे राहू द्या हितंच. वयनींची सही डॉक्टर आल्यावर."

दोन तुकडे

डॉक्टरांनी आधी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. मग कागद बघितले आणि कपाळाला हात लावला.

"ही दोन वेगळी मापं आहेत. ताण आला की हृदय एक लांब साखळी सोडतं. रक्तात तिचे दोन तुकडे होतात. एक काम करतो आणि लवकर संपतो. दुसरा काहीच काम करत नाही, पण जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून त्याचा आकडा नेहमीच मोठा येतो. ठाण्यात पहिला मोजला, डोंबिवलीत दुसरा. दोघांची तुलना करायची नसते. चौदाशे वीसवरून तुमचं बिघडलंय असं म्हणताच येत नाही."

"दुसरा काही करत नाही आणि रेंगाळतो," केतकी हळूच म्हणाली. "म्हणजे रविवारचे बाबा."

विनायक हसले. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं ते मी लक्षात ठेवलंय. हा आकडा किडनी कमजोर असली की वाढतो, वयाने वाढतो, माझ्यासारख्या भरलेल्या अंगाच्या माणसात उलट कमी दिसतो. म्हणून त्या आधी पाय बघतात, श्वास ऐकतात, मग कागद. आणि पुन्हा मोजायचं तर तीच चाचणी, शक्यतो त्याच लॅबमध्ये.

ठाण्याच्या हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये गेलो. "उपाशी यायचं का?" विचारलं, तर "जेवून या" म्हणाले. मी उपमा खाऊन, चहा पिऊन गेले. तत्त्व म्हणून.

बीएनपी आला २३०.

डॉक्टर म्हणाल्या, "छान आहे. पण आजार गेलेला नाही, आटोक्यात आहे. गोळी एकही सोडायची नाही." विनायकांनी विचारलं, "आणि जिना?" "लिफ्ट असेल तर उत्तमच. नसेल तर चढू द्या, दम लागला की थांबू द्या. मात्र दोन दिवसांत वजन दोन किलो वाढलं किंवा पुन्हा उशा लागायला लागल्या, तर कुठल्याच रिपोर्टची वाट बघू नका. मला फोन करा."

इतक्या साध्या शब्दांत हे पहिल्या दिवशीही सांगितलं असेल. पण तेव्हा आम्ही आकडा ऐकला आणि बाकीचं ऐकायचं थांबवलं. तुमच्या घरात असा कागद येईल तेव्हा एवढं करा: चाचणीचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, डॉक्टरांची चिठ्ठी लॅबला दाखवा, आणि कागद नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. निदान पेशंटने चहा घेईपर्यंत तरी नको.

हिशेब

विनायकांची भीती काही २३० ने गेली नाही, जाणारही नाही. इमारत पुनर्विकासाला जाईल तेव्हा लिफ्ट येईल, तोवर इथेच राहायचं, एवढं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. या वेळी मी उत्तर देईपर्यंत ते थांबले. दुसऱ्या मजल्याच्या त्या वळणावर त्यांनी एक लाकडी स्टूल ठेवलंय. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वाट अडते म्हणून तक्रार केली, विनायकांनी ऐकलं नाही. मी तिथे बसतेच असं नाही. पण त्यावर हात ठेवून पुढे जाते.

हे ठरल्यानंतरच्या रविवारी सगळे पुन्हा जमले. एक लाख रुपये विनायकांनी बाळाशेठना परत दिले. कागदपत्रांपायी त्यांचे वकिलाकडे पाच हजार गेले होते, ते त्यांनी मागितले, आणि मागताना "दोन अक्षरं जास्त, नवीन मशीन" हे वाक्य दिलीपरावांच्या आवाजात म्हणून दाखवलं. शोभाताईने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. पाच हजार दिलीपरावांनी दिले.

मिळाल्याची पावती मी लिहिली. बाळाशेठचं नाव, वडिलांचं नाव, आणि आज्याचंही.